छातीवरचा मणी

१

सोन्याचा एक मणी चोरीला गेला होता, आणि जिच्यावर चोरीचा आळ होता ती बाई माझ्यासमोरच्या बाकावर सासूच्या एक्स-रेची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. सासू त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला. मधे एक माणूस आडवा झाला असता एवढी जागा मोकळी.

हे सगळं मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मी करुणा. औरंगपुऱ्यातल्या एका स्कॅन सेंटरात एकोणीस वर्षं सीटी स्कॅनचं मशीन चालवते. मशीनवाली बाई काही डॉक्टर नाही, मग तिच्यासमोर लाज कशाची, असं लोकांना वाटतं. त्यामुळं घरोघरची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडतात.

"अंगावर धातूचं काही चालत नाही," मी म्हणाले. "मंगळसूत्र काढावं लागेल, मावशी."

आवडाबाईंनी मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलं. साठीच्या आसपासची बाई, वैजापूर तालुक्यातल्या कांद्या-कपाशीच्या घरातली. "नवरा जित्ता हाय. नाय काढायची," म्हणाल्या, आणि खोकायला लागल्या. लांबलचक खोकला, आणि तो संपला की छातीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज.

मला हे रोजचंच. माझ्या टेबलाच्या खणात हळदीत भिजवून वाळवलेला दोरा आणि हळकुंडांची पुडी कायम असते. हळकुंड बांधलं की गळा मोकळा राहत नाही आणि मशीनचीही कुरकुर नसते. मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं. मी आवडाबाईंच्या गळ्यात हळकुंड बांधलं, तेव्हा कुठं त्यांनी मंगळसूत्र उतरवलं. सून हात पुढं करून उभी होती. त्यांनी ते तिला न देता माझ्या हातात ठेवलं.

"तिच्यापाशी नको. एक मणी आधीच खाल्लाय तिनं."

सुनेनं हात मागं घेतला आणि पदराला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं.

"हे बघ," आवडाबाई मला म्हणाल्या. "वाट्यांच्या उजवीकडं चार सोन्याचे मणी, डावीकडं तीनच. दिवाळीला हिच्या हाती ओवायला धाडलं, आन् हे असं परत आलं. तवापासून म्या हिच्या हातचं पाणी प्याले नाय. पोरानं औषधपाण्यासाठी इथं हर्सूलला आणून ठिवलं, तर मह्या भाकरी म्याच थापते. येत्या रविवारी हिचा बाप आन् चुलते येऊ राहिले. जातील हिला पैठणला घेऊन."

"किती दिवसांसाठी?" मी विचारलं.

उत्तर सुनेनं दिलं. तनुजा तिचं नाव. "मणी सापडेपर्यंत म्हणे. आठ महिन्यांत सापडला नाही, ताई, आता काय सापडतो?"

तो बुधवार होता. म्हणजे त्या पोरीच्या हातात तीन दिवस उरले होते.

आवडाबाईंना मी मशीनवर झोपवलं. मी काचेमागं जाईपर्यंत त्यांनी गळ्यातला हळकुंडाचा दोरा दातांत धरला होता. "दातातून काढा, मावशी." काढला. मी वळले, पुन्हा दातांत. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सोडला. मग मशीनमधला आवाज म्हणाला, दम धरा, आणि त्यांनी दम धरला.

पडद्यावर फुफ्फुसं उमटली. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात राखाडी डाग होता. त्याच्यासाठीच तर त्यांना पाठवलं होतं. पण त्या डागाच्या वरच्या टोकाला एक पांढरा ठिपका झगझगत होता, आणि त्यातून चहूकडं किरणं फुटली होती. पिन राहिली असणार. मी आत धावले. अंगावर आमचा सुती झगा, गळ्यात हळकुंड. पिन नाही, हूक नाही. मंगळसूत्र माझ्या टेबलावरच्या स्टीलच्या वाटीत.

तेवढ्यात आमच्या डॉक्टर अंबिका मॅडम मागं येऊन उभ्या राहिल्या. "करुणा, अंगावर काय ठेवलंस?"

"काहीच नाही, मॅडम. शपथ."

त्यांनी चित्र पुढं सरकवलं, मागं सरकवलं. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "हे अंगावर नाहीच. आत आहे."

२

अंबिका मॅडम आमच्या रेडिओलॉजिस्ट. चित्रं वाचून निदान लिहायचं हे त्यांचं काम. पेशंटची तोंडं त्या फारशी बघत नाहीत, पण पेशंटच्या आतलं सगळं बघतात. एखादी गोष्ट जुळली नाही की त्यांचा चहा गार होतो, दुसरा मागवतात, तोही गार होतो. त्या दिवशी तीन कप गार झाले.

त्यांनी पहिला फोन डॉक्टर हिमांशूंना लावला. आवडाबाईंना आमच्याकडं पाठवलेलं त्यांनीच. छातीच्या विकारांचे डॉक्टर, तरुण, वर्षापूर्वी इंदूरकडून आलेले, स्वभावानं गोड. मराठी समजतं असं ते स्वतः म्हणतात.

"मॅडम, ती टीबीची जुनी गाठ असेल," फोनवर त्यांचा आवाज मला ऐकू येत होता. "चुना साचला असेल तिच्यात. पाच महिने टीबीची गोळी चालू आहेच. म्हणजे आपलं निदान पक्कं झालं."

"मग गोळीचा उपयोग का नाही झाला?"

"त्याच्यासाठी तर स्कॅन सांगितला ना. कॅन्सर पण असू शकतो."

"म्हणजे पक्कं काही झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग त्यांनी मला एक मिलिमीटर जाडीचे बारीक काप काढायला सांगितले. पडद्याची चकाकी कमी करत करत अगदी खाली आणली. फुफ्फुसं काळोखात गेली, बरगड्याही फिक्या झाल्या, तरी तो ठिपका उजळच. चुना असा चमकत नाही, हे एकोणीस वर्षांत मलाही कळायला लागलंय. चकाकी अजून उतरवली तशा त्याला कडा आल्या. गोल, गुळगुळीत. आणि मधोमध एक काळा टिंब.

"चुना साचतो, मान्य," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पण त्याला आरपार भोक पाडून कोण ठेवतं?"

आम्ही दोघींनी एकाच वेळी टेबलावरच्या स्टीलच्या वाटीकडं बघितलं.

३

मला वाटलं, झालं, उलगडलं. मी बाहेर सांगायला निघाले. मॅडमनी दंडाला धरून बसवलं.

"काय सांगशील? तुमचा मणी तुमच्या छातीत आहे? ती बाई काय म्हणेल?"

मी विचार केला. ती म्हणेल, हिनंच मला जेवणातून घातला. चोर होती ती आता मारेकरी होईल, आणि पैठणचा रस्ता कायमचा.

"मी 'श्वासनळीत धातूचा मणी' एवढं लिहून दिलं की डॉक्टर दुर्बिणीनं तो काढतील," मॅडम म्हणाल्या. "फुफ्फुस वाचेल. पण त्या मुलीचं काय? मणी आत कधी गेला आणि कसा गेला, हे कळल्याशिवाय मी त्या बाईशी बोलणार नाही. तिचे जुने एक्स-रे आण."

तनुजाच्या मांडीवरची पिशवी मी आणली. तीन एक्स-रे होते, दिवाळीतला, पौषातला आणि चैत्रातला. तिन्ही मॅडमनी उजेडाच्या पेटीवर लावले, आणि मी कपाळावर हात मारला.

मणी तिन्हींत होता. लपलेला नव्हता, सगळ्यांनी बघितलेला होता. तिन्ही कागदांवर एकच ओळ, इंग्रजीत: छातीवर मंगळसूत्राच्या मण्यांच्या सावल्या. आपल्याकडच्या बाया एक्स-रेच्या वेळी मंगळसूत्र काढत नाहीत. काढा काढा म्हणून थकलेला माणूस शेवटी म्हणतो, असू द्या, मागं टाका. मग फोटोत मणी दिसले की त्याला त्यात नवल वाटत नाही. मी तरी काय वेगळं केलं असतं?

"एक्स-रेला खोली कळत नाही," मॅडम म्हणाल्या. "पाठीवरचं, छातीवरचं, आतलं, सगळ्याची मिळून एकच सावली. कोथिंबीरवडीचा उंडा वरून बघ, आत दाणे कुठंयत कळतं का? सीटी म्हणजे उंड्याचे काप. कितव्या कापात दाणा आहे ते बोट ठेवून सांगता येतं. पण आपल्याला आज हे जुने फोटोच साक्ष देणार आहेत. नीट बघ आणि सांग."

मी बघितलं. चैत्रातल्या फोटोत मंगळसूत्र मागं टाकलेलं, मणी मणक्यावर गोळा झालेले. पौषातल्यात ते पुढं होतं, डावीकडं कललेलं. माळ जागा बदलत होती. पण एक मणी होता तिथंच होता, उजवीकडं, हृदयाच्या सावलीलगत, दोन्ही फोटोंत त्याच दोन बरगड्यांच्या मधे.

"माळ हलते आणि हा हलत नाही," मी म्हणाले.

"शाबास. आता पहिला बघ."

पहिल्या फोटोत माळच नव्हती. एकटा मणी होता, त्याच जागी. खाली तारीख होती, आणि मॅडमच्या भिंतीवर नव्या दिनदर्शिकेमागं टांगलेली गेल्या वर्षीची दिनदर्शिका उलटली तर त्या दिवशी वसुबारस होती.

"एका मण्याचं मंगळसूत्र कोण घालतं गं?" मॅडमनी विचारलं. "आणि बाकीची माळ त्या दिवशी कुठं होती?"

आधी तनुजाला आत बोलावलं. तिनं सरळ उत्तरं दिली. "आम्ही धनत्रयोदशीला गावाला गेलो, मॅडम. शिवराजला, म्हणजे आमच्या ह्यांना, वाळूजच्या कंपनीतून सुट्टीच तेव्हा मिळाली. आम्ही पोचलो तर आत्याबाई आधीपासूनच खोकत होत्या." सासूला आत्याबाई म्हणायची त्यांच्याकडची रीत. "भाऊबीजेला निघताना त्यांनी पुरचुंडी दिली. म्हणाल्या, दोरा जुना झालाय, औरंगपुऱ्यात कृष्णा पटवेकऱ्याकडून ओवून घे. मी ती गाठ वाटेत सोडलीसुद्धा नाही."

"पुरचुंडी दिली तेव्हा त्यांच्या गळ्यात काय होतं?"

तनुजा आठवू लागली. "हळकुंड. मला वाटलं, दिवाळीचं काही व्रत असेल."

मग आवडाबाई. तनुजा दाराशी उभी राहिली, आणि तिच्याकडं पाठ करून आवडाबाई खुर्चीत बसल्या. खोकला कधीपासून? दिवाळीपासून. काही गिळलं, काही अडकलं? "म्या काय रांगतं लेकरू हाय व्हय?" मंगळसूत्र ओवायला का दिलं?

इथं त्या पहिल्यांदा थांबल्या. एक नजर मागं दाराकडं गेली, मग भिंतीकडं. "जुनं झालतं," म्हणाल्या, आणि हळकुंडाचा दोरा पुन्हा दातांत गेला.

त्या बाहेर गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "खोटं बोलते आहे. पण सुनेला अडकवायला नाही. स्वतःचंच काहीतरी झाकते आहे."

मी हिमांशू डॉक्टरांची चिठ्ठी चाळत बसले होते. पेशंटनं सांगितलेली हकिगत त्यांनी इंग्रजीत लिहिली होती, आणि त्यातली एक ओळ वाचून मला हसू फुटलं. मॅडमना मराठीत सांगितली: "पेशंट म्हणते की मंगळसूत्र मोठं करून घेतलं, त्या दिवसापासून खोकला. रोगाशी संबंध नाही."

"मोठं करून घेतलं?" मॅडम म्हणाल्या.

"हो ना. सोनं वाढवलं की खोकला होतो, हे नवीनच—" मी बोलता बोलता गप्प झाले. हसू जिथल्या तिथं विरलं.

"काय झालं?"

"मॅडम, इंदूरच्या माणसाला कोण सांगणार? ती म्हणाली असणार, मंगळसूत्र वाढलं."

आता हे मराठी माणसाला समजवावं लागत नाही. बांगडी फुटत नाही, ती वाढते. नारळ वाढवायचा, देवापुढचा दिवा वाढवायचा. आणि मंगळसूत्र तुटलं असं कुठलीच सवाष्ण तोंडानं म्हणणार नाही. डॉक्टरसमोर एकटी असताना आवडाबाईंनी अगदी खरं सांगितलं होतं, ज्या शब्दात सांगता येतं त्या शब्दात. त्या भल्या पोरानं ते शब्दशः उतरवलं आणि वर लिहिलं, संबंध नाही.

मॅडमनी गार चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "म्हणजे माळ वसुबारसेच्या आधी तुटली. म्हणून पहिल्या फोटोत ती नाही. आणि मणी मात्र आहे. कधी ते मिळालं. कसं ते राहिलं. जा, त्या पटवेकऱ्याला भेटून ये."

४

कृष्णा पटवेकऱ्याचं दुकान आमच्यापासून दोन गल्ल्या. दुकान म्हणजे एक फळी, तिच्यावर गादी, आणि गादीवर पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून बसलेला कृष्णा. मंगळसूत्राचं नाव काढल्याबरोबर त्यानं हात जोडले.

"ताई, फिर वही? तिचा नवरा शिवराज येऊन भांडून गेला इथं. सगळी गल्ली जमा झाली. खानदानी काम आहे आमचं, कुणाचा मणी खाऊन काय बंगला बांधणार मी?"

"भांडायला नाही आले. पुरचुंडी आली तेव्हा किती मणी होते?"

"सात. तिच्यासमोर उघडली, तिच्यासमोर मोजले. मी बोललो, ताई, जोडीत एक कमी दिसू राहिला. ती बोलली, आत्याबाईंनी दिले तेवढे ओवा." त्यानं अंगठ्याचा दोरा सोडला. "आणि दुसरी बात सांगू? तो दोरा तुटला कसा, ते मला माहीत आहे."

"कसं काय?"

मंगळसूत्राचा जुना दोरा हे लोक कचऱ्यात टाकत नाहीत. डब्यात साठवतात आणि वर्षातून एकदा पैठणला जाऊन गोदावरीत सोडतात. कृष्णानं तो डबा काढला. भांडण झालं म्हणून आवडाबाईंचा दोरा त्यानं वेगळ्या कागदात बांधून ठेवला होता. मधे तुटलेल्या जागेची दोन्ही टोकं त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.

"कापलेला दोरा सरळ असतो. ओढून तुटला तर टोकाला कुसळं निघतात. हे बघा, चपटं झालंय, भिजून भिजून कडक झालंय. हा चघळलेला दोरा आहे. काही बाया काम करताना मंगळसूत्र दातांत धरतात, खाली वाकलं की लोंबू नये म्हणून. मी अशा बाईचा दोरा अंधारात हाताला लागला तरी ओळखीन."

मी तिथं उभ्या उभ्या डोळे मिटले, आणि मला मशीनवर झोपलेल्या आवडाबाई दिसल्या. तीन वेळा सांगूनही दोरा दातांतच. डोळ्यांसमोर होतं, आणि मला दिसलं नव्हतं. त्या तीन एक्स-रेवाल्यांना नावं ठेवायचा मला काही अधिकार नाही.

५

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. आवडाबाई, तनुजा, कामावर खाडा करून आलेला शिवराज, आणि हिमांशू डॉक्टर. एवढी माणसं त्या खोलीत मावत नाहीत, म्हणून मी दारात उभी राहिले. नसतं बोलावलं मला, तरी राहिले असते.

मॅडमनी पडद्यावर काप लावला आणि चकाकी उतरवत नेली. फुफ्फुस गेलं, बरगड्या गेल्या, आणि काळ्या पडद्यावर भोकाचा गोल मणी एकटा राहिला.

"आई गं," शिवराज म्हणाला.

आवडाबाई पुढं झुकल्या. त्यांना चित्रातलं काही कळत नसेल, पण तो मणी त्यांनी चाळीस वर्षं गळ्यात घातला होता. त्यांनी ओळखला. आणि मॅडमना वाटलं होतं तसंच झालं. त्या गर्रकन सुनेकडं वळल्या.

"हिनंच घातला व्हय? कशात घातला गं?"

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "तनुजा तुमच्या घरी कधी आली?"

"धनतेरशीला."

"हा फोटो त्याच्या आधीचा आहे. वसुबारसेचा. वैजापूरला काढलेला." त्यांनी पहिला एक्स-रे उजेडावर लावला. "मणी तेव्हाच आत होता. तनुजा तेव्हा इथं शहरात होती. पुरचुंडी तर तिच्या हातात भाऊबीजेला आली, आणि ती आली तेव्हाच तिच्यात सात मणी होते. जो मणी तिला मिळालाच नाही, तो ती चोरणार कसा?"

हिमांशू डॉक्टर मान पुढं काढून त्या जुन्या फोटोकडं बघत होते. हाच फोटो त्यांनीही बघितला होता.

मी पुढं झाले आणि कृष्णाकडचा दोरा आवडाबाईंच्या हातावर ठेवला. "मावशी, वसुबारसेच्या आधी मंगळसूत्र वाढलं ना?"

त्यांनी दोऱ्याच्या चपट्या टोकावरून अंगठा फिरवला. खूप वेळ. मग डोळे भरून आले.

"दोन दिस आधी," त्या म्हणाल्या. "पहाटं. आप्पासाहेब, म्हंजे ह्याचा बाप, कांदा घेऊन ट्रॅक्टरनं वैजापूरच्या मार्केट यार्डाला निघू राहिले व्हते. म्या वाकून गोण्यांची तोंडं बांधत व्हते, दोन्ही हात गुंतलेले. मंगळसूत्र दातात. ट्रॅक्टर फाटकातून गेला आन् तवाच ते... वाढलं. ठसका लागला. इतका की डोळ्यांपुढं अंधारी आली. मणी सगळे मातीत. माणूस रस्त्यावर, आन् घरात हे असं. कुणाला सांगू? सांगितलं तर खरं व्हईल, असं वाटलं. गोळा केले, मोजलेबी नाय. असले मणी मोजत नसतेत. फडक्यात बांधले आन् गळ्यात हळकुंड बांधलं. ते सांजच्याला घरी आले तवा मह्या जिवात जीव आला. ठसक्याचं मंग ध्यानातच राहिलं नाय."

"तुम्ही दम घेतलात तेव्हा मणी आत ओढला गेला," मॅडम म्हणाल्या. "मण्याला भोक आहे, म्हणून थोडी हवा जात राहिली. ती शिट्टी त्याचीच. पण खालच्या भागात घाण साचत गेली. टीबी नाही. दुसरं भलतंसलतंही मला यात दिसत नाही. मणी निघाला की बरंच सुधारेल."

शिवराज खाली मान घालून उभा होता. तनुजा रडत नव्हती. मला वाटलं होतं, रडेल. ती सासूकडं बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग होता. आठ महिन्यांचा, साठवलेला. आणि का नसावा?

हिमांशू डॉक्टर माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "करुणाजी, वाढलं म्हणजे तुटलं?"

"हो."

"नेहमी?"

"आता नका विचारू," मी म्हणाले.

६

शनिवारी दुपारी मी हिमांशू डॉक्टरांच्या हॉस्पिटलात गेले; आवडाबाईंना तिथं गुरुवारीच भरती केलं होतं. काम काही नव्हतं. मणी बघायचा होता, दुसरं काय.

सकाळी दुर्बिणीनं काढला होता. बारीक बाटलीत, काळवंडलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा. हिमांशू डॉक्टरांनी तो मला उजेडात धरून दाखवला. फार खूश होते. टीबीच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केल्या होत्या, आणि चिठ्ठीवरची 'संबंध नाही' ही ओळ खोडून शेजारी सही केली होती. तेवढा मोठेपणा सगळ्या डॉक्टरांत नसतो.

आवडाबाई खाटेवर टेकून बसल्या होत्या. खोकला होता, पण शिट्टी नव्हती. शिवराज व्हरांड्यात फोनवर सासऱ्याशी बोलत होता. "उद्या या, मामा. व्हय, सगळे या. पण न्यायला नका येऊ, जेवायला या."

तनुजा स्टुलावर बसलेली. शेजारी डबा. नर्सनं मला सांगितलं की ही दोन दिवस डबा आणतेय आणि म्हातारी त्याला हात लावत नाही, हॉस्पिटलची खिचडी खाते. परवा सगळा उलगडा झाल्यावरसुद्धा खिचडीच खाल्ली. मला राग आला. चूक कळल्यावरही माणूस इतका ताठ कसा राहतो? मग आवडाबाईंचा चेहरा बघितला आणि समजलं की हा ताठा नव्हे. आठ महिने ज्या ताटाला नावं ठेवली, ते आता मागायचं कोणत्या तोंडानं?

त्यांनी बाटली घेतली. मणी तळहातावर काढला. मग तनुजाचा हात ओढून तो मणी तिच्या हातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली.

"तुझ्यापाशी ठिव," म्हणाल्या. "कृष्णाकडं तूच जा. आन् त्याला म्हणावं, म्हातारीनं हात जोडलेत."

तनुजानं मिटलेली मूठ मांडीवर ओढून घेतली.

"महं चुकलं, पोरी. लई चुकलं. तुला चोर म्हणले म्या. आन् मणी मह्याच छातीत."

तनुजाच्या डोळ्यांतून तेव्हा पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. "आत्याबाई, आठ महिने," एवढंच ती म्हणाली.

"व्हय. आठ महिने." आवडाबाईंनी डब्याकडं हात केला. "दुपार टळू राहिली. भूक लागली मला. वाढ."

तनुजानं झाकण काढलं. भाकरी होती, वांग्याचं भरीत होतं. तिनं ताट घेतलं.

हिमांशू डॉक्टर दचकून माझ्या कानाशी आले. "करुणाजी, अब क्या टूट गया?"

"गप बसा हो," मी म्हणाले. "जेवतायत त्या."